कोपऱ्यातलं भात आणि एक पेंढी

अक्का, तू गेलीस याचं दुःख आहेच, ते पुढे येईल. आधी रागाचं बोलून घेतो. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

चर्चच्या पाळकसाहेबांनी मला तुझ्यावर एक पान लिहून मागितलं आहे. स्मरणाच्या प्रार्थनेत वाचायला. "जन्म, शिक्षण, सेवा, स्वभाव. एवढं आलं की झालं, शमुवेलभाऊ," म्हणाले. मी कोरा कागद घेऊन बसलो आणि जन्मालाच अडकलो. आईच्या म्हणण्याप्रमाणे तू भाताला लोंब्या फुटायच्या दिवसांतली आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जूनची. म्हटलं, राहू दे, स्वभावापासून सुरू करू. 'स्वभाव : आनंदी' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण त्या एका शब्दावरूनच तर आपलं शेवटचं भांडण झालं होतं.

त्या रविवारी तू नेहमीसारखी उपासना उरकून माझ्याकडे भोरला जेवायला आलीस. मी तुला म्हणालो, यंदा मशीन लावून भात काढू, कोपरा वगैरे काही ठेवायचा नाही. तू हसलीस. मला त्या हसण्याचीच चीड आली. मी म्हणालो, "अक्का, एकट्या बाईला दिवस घालवायला काहीतरी लागतं, तसा तुझा हा देवातला आनंद आहे. खोटा आहे तो." माझ्या बायकोच्या, सुनीताच्या, हातातला डाव भांड्यातच थांबला. 

आणि तू? तू म्हणालीस, "येकदा करून बघ, मग खोटा म्हन." आणि वाटी पुढे केलीस. "सुनीता, रस्सा वाढ गं. लई झकास झालाय."

हे काय उत्तर झालं? पुढच्या रविवारी मी नीट बोलणार होतो. माफी मागणार होतो असं आता म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर मुद्दे काढून ठेवले होते, आणखी भांडणार होतो. पण रविवारच्या आधीच, भर दुपारी, ओसरीवर घेवड्याच्या शेंगा निवडता निवडता तू गेलीस. अर्ध्या शेंगा सुपात, अर्ध्या ओच्यात. आता मी उत्तर कुणाकडून घ्यायचं?

वाचणाऱ्याला वाटेल, कोपरा म्हणजे काय एवढं. सांगतो. उत्रोलीत आपलं एकच ख्रिस्ती घर, आणि घराच्या मागे आपली भाताची दोन खाचरं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलं आहे की शेत कापताना कडेकोपरे पार साफ करू नयेत, ते गरिबासाठी, परक्यासाठी ठेवावेत. हे जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी वाचलेलं असतं. वाचतात, मान हलवतात आणि पुढचं पान उलटतात. आपल्या वडिलांनीही तेच केलं, मीही तेच केलं. तू मात्र वेल्ह्याकडची अंगणवाडीची नोकरी संपवून घरी आलीस, शेत हातात घेतलंस आणि पहिल्याच सुगीला ओढ्याकडचा कोपरा उभा ठेवलास. चांगलं गुडघ्याच्या वर आलेलं, पिकलेलं इंद्रायणी भात.

मी म्हणालो, "रोग पडलाय का त्याला?"

"न्हाई. ते आपलं न्हाई."

"मग कुणाचं?"

"ज्याचं असंल तो येईल की."

आली हौसाबाई. ना जमीन, ना नवरा, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात वाकलेली तुझी मैत्रीण. आणि गंमत म्हणजे तीच सगळ्यात जास्त चिडली. "आक्का, आसं उभं पीक ठिऊ नये वं. लक्ष्मी हाय ती. डुकरं खातील." तिला तू म्हणालीस, "मग डुकरांच्या आधी तू ये." दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आपला विळा घेऊन आली, कापून गेली, आणि जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमच्या बहिणीला जरा डागदरला दावा."

मीही तेच म्हणत होतो, फक्त मुद्देसूद. मी म्हणालो, "अक्का, द्यायचंच आहे ना? मग सगळं कापू, झोडू, आणि तिच्या घरी एक पोतं टाकू. तिचे कष्ट वाचतील, आपली नासधूस वाचेल." शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून माझं डोकं असंच चालतं, प्रत्येक गोष्टीला एक सरळ रकाना असतो. तू विळ्याची धार अंगठ्यावर बघत म्हणालीस, "शमू, पोतं दिलं की ती माझ्या दारात येनार, माझ्यापुढं वाकनार. कोपरा ठिवला की ती रानात येनार, भातापुढं वाकनार. म्या बी भातापुढंच वाकते. मग आमी दोघी सारख्याच की."

 या वाक्याचा मला आजही राग आहे.

तुझं सगळं असंच. शास्त्रातलं एखादं वाक्य लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात, तू ते घेऊन बांधावर जायचीस. वेल्ह्याला तू खोली घेऊन राहायचीस त्या घराचं मला आठवतं. सपाट स्लॅब, कठडा नाही. शास्त्रात म्हटलंय, घर बांधलं की छताला कठडा कर, कुणी पडून मेलं तर ते पाप तुझ्या घरावर नको. मी म्हणालो, "घर तुझं नाही. तू भाडेकरू आहेस. हा नियम मालकाला."

"मालक वाचत न्हाईत. म्या वाचलंय ना?"

मग काय, बांबू आणलेस आणि बांबू बांधायला मला भोरहून एस.टी.ने बोलावून घेतलंस. त्या स्लॅबवरून आजवर कुणी पडलं नव्हतं. मिरच्या वाळत घालणाऱ्या बायका पडल्या नाहीत, पतंग उडवणारी पोरं पडली नाहीत. पडलो तो मी, कठडा बांधताना. खाली शेणखताचा ढीग होता म्हणून वाचलो. तू वरून वाकून बघत होतीस आणि तुला हसू आवरत नव्हतं. "बग, मंजी कठड्याची गरज व्हतीच की!" मी शेणातून म्हणालो, की कठडा नसता बांधायचा तर मी वर चढलोच नसतो. हा वाद आपण पुढे कितीतरी वर्षं घातला. प्रत्येक नाताळला, करंज्या तळताना. त्याचाही निकाल लागलेला नाही.

आणि तात्या. शेजारच्या खाचराचे तात्या. त्यांना मी 'तात्या म्हणाले, तात्या आले' असं आदरानं लिहितो आहे ते तुझ्या धाकानं. दर वर्षी नांगरणीला बांध वीतभर आपल्याकडे सरकवणारा माणूस. बांध कसला, भाकरी असल्यासारखा कडेकडेनं खात आले. मी मोजणीचा अर्ज लिहून तयार ठेवला होता, तू सही करत नव्हतीस. तशात एका आषाढात चिखलणी करताना त्यांचा पॉवर टिलर रुतला. नेमका बांधाच्या त्या पट्टीत, जी आपली होती. मला वाटलं, आहे देव, आहे. तू मात्र पदर खोचलास, फळी घेतलीस आणि मांडीएवढ्या चिखलात उतरलीस. का, तर शास्त्रात आहे, वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर सोडून जाऊ नको, उठवायला मदत कर.

मी बांधावरून ओरडलो, "अक्का, त्यात गाढव लिहिलंय! टिलर नाही लिहिलेला!"

तू चिखलातून मान वर केलीस. "गाढव बांधावर हुबं हाय. छत्री धरून."

तात्या एवढे हसले की त्यांच्या हातातली फळी निसटली. टिलर निघाला. तू डोक्यापासून पायापर्यंत चिखल होऊन वर आलीस आणि तुझा चेहरा असा, जणू लग्नाच्या पंगतीतून उठून आलीस. मला तो चेहरा सहन होत नसे. दमल्यावर माणसानं दमलेलं दिसावं.

बरं, यातून तात्या सुधारले म्हणावं, तर तेही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा वीतभर बांध खाल्ला. मी विजयी मुद्रेनं तुझ्याकडे आलो. "बघ! काय उपयोग झाला?" तू चुलीवरची भाकरी उलटत म्हणालीस, "गाढव उचललं की शेजारी सुधारतो आसं कुठं लिवलंय? उचलायला सांगितलंय. म्या उचललं."

"आणि तुला काय मिळालं?"

"मजा आली," म्हणालीस.

मजा! अक्का, चर्चच्या मंडळीत आपण सगळेच आज्ञा पाळतो, म्हणजे जमेल तेवढ्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतो तशा. पाणी पिऊन, डोळे मिटून. तू एकटीच ते पेढ्यासारखं खायचीस. एकदा मला म्हणालीसही, देवाच्या आज्ञा गोड लागतात म्हणून. मी म्हणालो, मला शुगर आहे. पहाटे गोठा झाडताना तू गीतं म्हणायचीस, तुझा सूर एकदाही लागला नाही आणि तुला त्याचं काही नव्हतं. आईनं माझं नाव शमुवेल ठेवलं. शास्त्रातला शमुवेल देवाची हाक आली की अंथरुणातून उठायचा. मी तुझ्या चौथ्या हाकेशिवाय कधी उठलो नाही. तेव्हा माझ्यासारख्या माणसाला तुझ्यासारखी बहीण देणं हा देवाचा विनोद असणार, आणि तो मला नीट कळलेला नाही.

पण एक गोष्ट तुलाही जमली नव्हती. ती मला माहीत होती, आणि मी ती तुझ्याविरुद्ध जपून ठेवली होती.

कोपऱ्याच्याच जोडीला शास्त्रात आणखी एक आहे. कापणी करताना रानात एखादी पेंढी विसरली, तर ती आणायला परत जाऊ नको. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. ही आज्ञा वाचून तू पहिल्यांदा टाळी वाजवलीस आणि मग कपाळाला हात लावलास. कारण ही ठरवून पाळता येत नाही. विसरायलाच लागतं. आणि तुझी आठवण म्हणजे! वेल्ह्याच्या अंगणवाडीतल्या कुठल्या पोराला कुठला डोस कधी दिला हे तुला नोकरी सोडल्यावरही पाठ होतं. तू पेंढी कशी विसरणार? दर वर्षी भारे वाहून झाले की तू आशेनं मागे बघायचीस, आणि रान लख्ख मोकळं.

एका वर्षी तू लबाडी केलीस. एक पेंढी बाभळीखाली मुद्दाम ठेवलीस आणि घरी आलीस. तासाभरात चुळबुळ सुरू. मग उठलीस आणि जाऊन ती घेऊन आलीस. मी विचारलं, "काय झालं?"

"इसरली न्हवती, ठिवली व्हती. देवाला काय कळत न्हाई व्हय?" आणि पहिल्यांदाच तुझा चेहरा खरोखर पडलेला मी पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुला जमंल बग शमू. तू चष्मा इसरतोस, छत्री इसरतोस, बायकूचा वाढदिवस इसरतोस."

"पण पेंढी नाही विसरत," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. रानातून निघताना मी चार चार वेळा मागे वळून बघणारा माणूस. काडी राहिली तरी परत जाणारा.

आता ऐक, यंदाची सुगी. तू गेल्यावर तीन आठवड्यांनी भात पिकलं. मशीनवाल्याला मी नाही सांगितलं. रजा टाकली, हौसाबाई आणि आणखी दोघींना घेऊन हातानंच कापणी केली. ओढ्याकडचा कोपरा ठेवला. मोठा ठेवला, तू ठेवायचीस त्याच्या दीडपट. म्हटलं, तू म्हणालीस ना करून बघ, बघतो. ठेवला आणि वाट बघत बांधावर उभा राहिलो. काहीही झालं नाही. सातबाऱ्याचा उतारा घेऊन तलाठ्याच्या ऑफिसातून बाहेर पडावं, तेवढाच आनंद. मग मला तुझा फार राग आला. म्हटलं, मी खरंच बोललो होतो. यात काही नाही. तू रिकाम्या ताटावरून पोटभर जेवल्याचं नाटक करत होतीस. आणि मग लगेच असं वाटलं की, हे जर खरं निघालं तर माझ्याइतका भिकारी कुणी नाही. कारण तुझ्याकडे ते आहे, या भरवशावर मी इतकी वर्षं निवांत चिडत आलो होतो.

शेवटच्या दिवशी वाळलेल्या पेंढ्या डोक्यावरून खळ्यात न्यायचं काम चाललं होतं. शेवटच्या दोन मी घेऊन निघालो, तर बांधावर तात्या उभे. टोपी हातात. म्हणाले, "आक्का गेल्या, आन् रान सुनं झालं."

मी म्हणालो, "तुम्हाला बरंच आहे तात्या. आता बांध मोकळा."

"न्हाई ओ भाऊ. आक्का येक शबुद बोलत न्हवत्या, म्हनून मला दर साली खायाला लाज वाटायची."

"तरी खाल्लात."

"व्हय. खाल्ला. पन लाजत खाल्ला." आणि हा माणूस रडायला लागला. चांगला रडायला लागला, टोपीनं नाक पुसत.

मला काय करावं कळेना. पेंढ्या खाली ठेवल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात तुझ्यावर ओरडायला सुरुवात केली. बघ, म्हटलं, सुधारले नाहीतच, नुसते रडतायत, आणि आता यांचं ओझंही मी उचलायचं का? यात शास्त्र काय म्हणतं? आणि गेलीस कशाला अशी अर्ध्यावर? तात्या घराकडे वळले. मी एक पेंढी उचलली आणि तुझ्याशी भांडत भांडतच चालत सुटलो. एवढे चांगले मुद्दे मला तू असताना कधी सुचले नव्हते.

खळ्यावर पोचलो, पेंढी टाकली, रचलेल्या पेंढ्यांच्या उडवीवर ताडपत्री ओढली. हौसाबाईनं चहा आणला. पहिला घोट घेतला आणि हातात काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. दुसरी पेंढी. बांधावर, तात्यांपाशी.

मी उठलो. चप्पल अडकवली. वीस-पंचवीस पावलं गेलोसुद्धा. उजेड होता अजून, बाभळीच्या पलीकडे ती पेंढी मला इथून दिसत होती, पिवळी, आडवी पडलेली. आणि मग, अक्का, मला आठवलं.

मी मधेच उभा राहिलो.  विसरली होती. ठेवलेली नव्हती, खरोखर विसरली होती. तुला जन्मभर जमलं नाही ते मला, तुझ्याशी भांडण्याच्या नादात, जमलं होतं.  मला वाटलं रडू येतंय. एक महिना झाला, ते यायचं राहिलंच होतं. पण ते हसू होतं. मी एकटा, पन्नाशी उलटलेला माणूस, मोकळ्या रानात चप्पल घालून उभा, आणि मला हसू आवरेना. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. मी काही दिलं नव्हतं, काही ठरवलं नव्हतं. कुणीतरी माझ्या हातातून ती पेंढी अलगद काढून घेतली होती आणि वर मलाच शाबासकी देत होतं.

मी घराकडे वळून ओरडलो, "अक्का! विसरलो!"

ओरडून गेल्यावर लक्षात आलं.

खळ्यातून हौसाबाई म्हणाली, "काय इसरला?"

"पेंढी."

"मंग जावा की. आना."

"नाही आणता येत."

 ती कपबशी उचलत म्हणाली, "झालं. ह्यास्नी बी याड लागलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मला डागदरकडे न्यायचाच होता.

मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पेंढी कुणी नेली, हौसाबाईनं की तात्यांनी की आणखी कुणी, मला माहीत नाही. मी त्या बाजूला गेलो नाही. गेलो असतो आणि ती तिथंच असती, तर उचलून आणली असती. इतका काही मी सुधारलेलो नाही.

पाळकसाहेबांच्या पानावर तेवढाच एक शब्द आहे अजून. मी त्यापुढे काही लिहिणार नाही, तसाच देणार आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं. करून बघितलं, अक्का. माझ्या हातून झालं नाही, चुकून झालं. खोटा नव्हता.

आणि हे मी मान्य केलं, हे ऐकायला तू हवी होतीस. यावर नुसतं हसून रस्सा मागितला असतास तरी चाललं असतं.